बस्ता बांधण्यापूर्वी : लग्नखर्चाचा हिशेब एका कापड व्यापाऱ्याच्या गादीवरून

लग्नसराई आली की आमच्या पिंपरीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. शव्वालचा चंद्र दिसला आणि रमजान ईद झाली की मुस्लिम घरांतील बस्ते सुरू होतात. तुळशीचे लग्न लागले की हिंदू घरांतील. गेली तीस वर्षे मी गादीवर बसून हे बस्ते बांधतो आहे. या काळात हजारो लग्नांचे कापड माझ्या हातून गेले असेल. माणूस कापड घ्यायला बसला की तासाभरात त्याच्या घरची सारी परिस्थिती कळते. कोणाच्या हातात यादी आहे, कोण कोणाच्या दबावाखाली आहे, पैसा साठवलेला आहे की उसना आणलेला, हे विचारावे लागत नाही.

हल्ली आमच्या शहरातही लग्नाचे नियोजन करून देणारे व्यावसायिक सल्लागार आले आहेत. त्यांच्याबरोबर कामाचा थोडा अनुभव मला आला. तो आणि गादीवरचा अनुभव मिळून जे हाती लागले ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. यातल्या काही गोष्टी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो.

बस्ता फुगतो कसा?

बस्ता म्हणजे मुळात नवरा-नवरीचे आणि घरच्या माणसांचे कपडे. पूर्वी तो एका गाठोड्यात मावत असे. आज त्याचे तीन भाग झाले आहेत. पहिला, नवरा-नवरीचे कपडे. दुसरा, घरच्या माणसांचे. तिसरा आणि सर्वांत मोठा, मानपानाचा. म्हणजे व्याह्यांकडील चाचा, मामू, फूफी, खाला, त्यांची मुले, सुना, जावई यांचे जोडे.

एक उदाहरण देतो. मुलाकडून मानपानाची ४३ माणसांची यादी आली. माणशी सरासरी १,२०० रुपये धरले तर ५१,६०० रुपये होतात. मुलाकडचेही मुलीकडच्यांना तेवढेच देतात. म्हणजे दोन्ही घरांचे मिळून लाखाच्या वर रुपये कापडात गेले. या कापडाचे पुढे काय होते ते आम्हा दुकानदारांना ठाऊक आहे. ते कोणी अंगावर घालत नाही. आवडीने घेतलेले नसते, मापाचे नसते, रंग पसंत नसतो. ते पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून बाहेर निघते. माझ्या दुकानातून गेलेली साडी चार वर्षांनी तिसऱ्याच घरातून बदलून घेण्यासाठी माझ्याकडे परत आली, तेव्हा तिची घडीही मोडलेली नव्हती.

यावर उपाय सोपा आहे, पण तो सोयरीक ठरते त्याच बैठकीत करावा लागतो. दोन्ही बाजूंच्या मोठ्यांनी मानपान फक्त आईबाप आणि सख्खी भावंडे एवढ्यांपुरता ठेवायचे ठरवावे. पुढे यादी आल्यावर कोणाचे नाव कापणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. आधी ठरलेले असेल तर कोणाचा अपमान होत नाही.

आपल्या शहराची गोष्ट

पिंपरी-चिंचवड हे पगारावर चालणारे शहर आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली. पुढे चाकणला मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले.

कायम नोकरी असलेल्या कामगाराची पत त्या काळी मोठी होती. दर महिन्याला पगार, दिवाळीला बोनस, निवृत्तीला फंड आणि ग्रॅच्युइटी. त्याला उधार देताना कोणी दुकानदार विचार करत नसे. त्या कामगारांनी जशी लग्ने केली तशीच आपण करायची, ही समजूत पुढच्या पिढीत राहिली. पण या पिढीतले पुष्कळ जण ठेकेदाराकडे कामाला आहेत. आज काम आहे, मंदी आली की सहा महिन्यांनी नाही. लग्नाचा थाट कायम नोकरीचा आणि उत्पन्न ठेक्याचे, हे गणित जुळत नाही. आमच्या भागातील लग्नाच्या कर्जाचे मूळ मला येथे दिसते.

एक प्रसंग

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारे एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. ईदेला, शाळा सुरू होताना, सदैव माझ्याकडेच येत. मी त्यांना भाई म्हणे, तेही मला भाईजान म्हणत. काही वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला ते सहकुटुंब आले. मुलाकडची यादी मोठी होती. बिल त्यांच्या अंदाजाच्या दुप्पट झाले. ते गप्प बसले. मी म्हणालो, “भाई, काळजी कशाला? आपलेच दुकान आहे. सावकाश द्या.” त्यांचा चेहरा खुलला. मलाही मोठा बस्ता गेल्याचा आनंद झाला.

त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत. ठेकेदार बदलला, काम सुटले, हॉलवाल्याचे आणि बावर्चीचे देणे आधी भागवावे लागले, हे मला इतरांकडून कळले. मी तगादा लावला नाही, तरी मी समोरून येताना दिसलो की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. जुम्याच्या नमाजलाही दुसऱ्या मशिदीत जाऊ लागले. दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्यांचा मुलगा पाकिटात थोडे पैसे घेऊन आला. म्हणाला, “अब्बांनी पाठवलेत. बाकीचे मी फेडीन.” मुलगा बारावी झालेला होता. पुढे शिकला नव्हता.

त्या रात्री मी वही काढून तो बस्ता पुन्हा वाचला. त्यात निम्म्याहून जास्त रक्कम मानपानाची होती. ज्या माणसांनी ते कपडे घातलेसुद्धा नसतील त्यांच्यासाठी एका मुलाचे शिक्षण थांबले होते. आणि “सावकाश द्या” असे म्हणणारा मीच होतो. ते देणे मी माफ केले. पण त्याने गेलेली वर्षे परत येत नाहीत.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. ताका उघडण्यापूर्वी मी विचारतो, “बस्त्याला किती रक्कम ठेवली आहे?” गिऱ्हाईक आकडा सांगेल त्याच्या आत बसेल तेवढेच दाखवतो. विक्री कमी झाली, हे खरे आहे. पण गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जात नाही.

सल्लागार ठेवावा का?

लग्नाचा सल्लागार म्हणजे हॉल, मांडव, जेवण, फोटो, गाड्या, पाहुण्यांची सोय यांची व्यवस्था एका हाताने करणारा माणूस. ज्या घरात धावपळ करणारे कोणी नाही, त्यांना त्याचा उपयोग आहे. मात्र त्याला पैसे कसे मिळतात, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या हाती काम देऊ नये.

त्याचे तीन प्रकार आहेत. कोणी ठरलेली रक्कम घेतो. कोणी एकूण खर्चावर टक्केवारी घेतो. तिसरा तुमच्याकडून काहीच घेत नाही, “माझी सेवा मोफत” म्हणतो आणि हॉलवाला, डेकोरेटर, दुकानदार यांच्याकडून कमिशन घेतो. टक्केवारीवाल्याला तुमचा खर्च कमी करण्यात फायदा नाही, हे उघड आहे. तिसऱ्याचा फायदा तर तुम्हाला दिसतच नाही. एकदा असाच एक जण माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सेठ, गिऱ्हाईक मी आणतो, बिलामागे दहा टक्के माझे.” मी विचारले, हे दहा टक्के कोठून काढायचे? तो हसला. हे दहा टक्के दुकानदार आपल्या खिशातून देत नसतो. ते कापडाच्या भावात चढतात.

याउलट, चिंचवडच्या एका भगिनींशी माझा परिचय आहे. त्या ठरलेली रक्कम घेऊन हे काम करतात. त्यांच्याकडून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली, खर्चाची वही एकच असावी आणि पैसे एकाच माणसाच्या हातून जावेत. चाचांनी मांडववाल्याला दिले, मामूंनी बावर्चीला दिले, असे झाले की दोनदा पैसे जातात. दुसरी, प्रत्येक ठरावाचा कागद करावा आणि बयाणा दिल्याची पावती घ्यावी. तिसरी, एकूण रकमेचा दहावा भाग बाजूला ठेवून त्याला हात लावू नये. ऐन वेळी निघणारा खर्च त्यातून भागवावा. त्या म्हणतात, “लोक मला सजावटीसाठी बोलावतात. माझे खरे काम मात्र नाही म्हणण्याचे असते. घरच्यांना जे नाही म्हणता येत नाही, ते मी म्हणते.” एवढे धैर्य घरातल्या एखाद्या माणसाने दाखवले तर सल्लागाराची गरज नाही.

पहिला आकडा : पाहुण्यांचा

लग्नाचा खर्च हॉलपासून मोजायला सुरुवात करतात, ती चूक आहे. पहिला आकडा पाहुण्यांचा. हॉल, जेवण, खुर्च्या, पत्रिका, पाणी, गाड्या सारे त्यावर अवलंबून असते. समजा, एका ताटाला ३५० रुपये पडतात. ४०० पाहुण्यांना १,४०,००० रुपये आणि ७०० पाहुण्यांना २,४५,००० रुपये. फरक १,०५,००० रुपयांचा. ज्या ३०० माणसांचा हा फरक आहे, त्यांतील किती जणांना नवऱ्या मुलाचे नाव ठाऊक असते?

कमी माणसांत लग्न होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना २०२० आणि २०२१ ही वर्षे आठवून द्यावीत. कोरोनाच्या काळात आधी ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ माणसे आणि दोन तास अशी अट लागली, मोडल्यास ५०,००० रुपये दंड. त्या काळात झालेले निकाह काही अपुरे राहिले नाहीत. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने वाचलेल्या पैशातून मुलीच्या नावावर चिखलीत एक लहानसा गाळा घेतला. आज त्याचे भाडे येते.

तारीख आणि हॉल

आपल्या निकाहला मुहूर्त लागत नाही. ही मोठी सवलत आहे, पण तिचा फायदा फार थोडे लोक घेतात. पंचांगातील मुहूर्ताच्या दिवशी हॉल, मांडव, घोडा, फोटोग्राफर साऱ्यांचे भाव चढलेले असतात. त्याच आठवड्यातील बिगरमुहूर्ताच्या दिवशी तोच हॉल कमी भावात मिळतो. घासाघीस करण्यास वाव असतो. तारीख ठरवताना शेजारच्या हिंदू मित्राकडून पंचांग पाहून घ्यावे आणि मुहूर्त नसलेला दिवस धरावा.

आमच्या औद्योगिक भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारचा आग्रह सोडून गुरुवार धरला तर कामगार पाहुण्यांची रजाही वाचते. निकाह मशिदीत जुम्याच्या किंवा असरच्या नमाजनंतर करावा आणि वलीम्यापुरता लहान हॉल घ्यावा. एका दिवसाचे भाडे सरळ वाचते.

हॉलचा कागद करताना पुढील गोष्टी विचाराव्यात : वेळ किती तासांची आणि पुढच्या प्रत्येक तासाला किती? जनरेटरचे डिझेल कोणाचे? सफाईचे पैसे वेगळे का? डेकोरेटर आणि बावर्ची आपला आणता येतो, की त्यांचाच घ्यावा लागतो? तारीख रद्द झाल्यास बयाणा किती परत? शेवटचा प्रश्न बहुतेक विसरतात आणि घरात मयत झाली की वाद होतो. तसेच रात्री १० नंतर लाऊडस्पीकर लावण्यास कायद्याने मनाई आहे, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

जेवण

बावर्ची देगेचा हिशेब तांदळाच्या किलोवर करतो. आमच्याकडचा ठोकताळा असा की एक किलो तांदळाच्या बिर्याणीत आठ ते दहा माणसे जेवतात. ४०० माणसांना आठाच्या हिशेबाने ५० किलो तांदूळ पुरतो. बावर्चीने यापेक्षा फार मोठा आकडा सांगितला तर कारण विचारावे. दोन प्रकारची बिर्याणी, कबाब, चायनीज, चाट, तीन गोड पदार्थ असे केले म्हणजे पाहुणा प्रत्येकातले थोडे घेतो आणि बाकीचे फेकतो. एक भात, एक कालवण, एक गोड पदार्थ आणि पोटभर वाढणे यात पाहुण्याचा मान आहे. उरलेले अन्न कोठे द्यायचे, हे आदल्या दिवशीच ठरवून भांडी तयार ठेवावीत.

कापड घेताना

आता माझ्या धंद्याविषयी. नवरीचा जोडा एकदाच घातला जातो, म्हणून सर्वांत महाग घेतला जातो. हा उलटा न्याय आहे. पुढे वापरता येईल असा जोडा घ्यावा. जड कामाचा दुपट्टा वेगळा घेतला तर बाकीचा सूट ईदेला वापरता येतो.

बनारसी म्हणून विकली जाणारी प्रत्येक साडी बनारसची नसते. पॉवरलूमवर विणलेल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. नक्कल वाईट असते असे नाही, पण तिला असलीचा भाव देऊ नये. साडी उलटी करून पाहावी. रेशमाची परीक्षा करायची तर पदराच्या कडेचा एखादा धागा मागून घ्यावा आणि जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. शुद्ध रेशमाला ‘सिल्क मार्क’चे लेबल मिळते, ते आहे का पाहावे. जरीचेही तसेच. असली जर चांदीच्या तारेची आणि वर सोन्याचा मुलामा असलेली असते. तांब्याच्या तारेची जर स्वस्त पडते आणि प्लॅस्टिकची त्याहून स्वस्त. तिघींचे चकाकणे दुकानाच्या दिव्याखाली सारखेच. म्हणून कापड दाराशी, उजेडात नेऊन पाहावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

कराचा हिशेबही समजून घ्यावा. साडी आणि न शिवलेल्या कापडावर जीएसटी ५ टक्के आहे. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. म्हणजे १०,००० रुपयांच्या तयार शेरवानीवर १,८०० रुपये कर. कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवली तर कापडापुरताच ५ टक्के लागतो, शिवाय माप नीट बसते आणि गल्लीतल्या कारागिराला काम मिळते. शिंप्याला दोन महिने आधी द्यावे. बिल मात्र पक्के घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर माल बदलून मिळत नाही.

दागिन्यांत एवढेच सांगतो : १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी क्रमांक असावा लागतो. तो बिलाशी ताडून पाहावा. घडणावळ वेगळी लिहून घ्यावी, कारण मोडताना घडणावळ परत मिळत नाही. जड नक्षीचा हार घेण्यापेक्षा साध्या बांगड्या मुलीला अडचणीच्या वेळी जास्त उपयोगी पडतात.

पैसा कोठून आणावा?

आमच्या उर्दू शाळेत उस्ताद पाटीवर दोन खाने आखायला लावत : आमद आणि खर्च. आमदचा खाना भरल्याशिवाय खर्चाच्या खान्याला हात लावला की छडी बसे. लग्नात आपण नेमके उलटे करतो. आधी खर्च ठरतो, मग आमद शोधायला निघतो.

पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज वर्षाला १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ११,६०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण सात लाखांच्या जवळ भरावे लागतात. म्हणजे दोन लाख नुसते व्याज. व्याजाचा दीनी प्रश्न वाचकांना ठाऊकच आहे. पण ज्याला तो बाजूला ठेवायचा असेल त्यानेही हा हिशेब एकदा पाहावा. गल्लीतल्या सावकाराचा तर दरमहा पाच टक्के असतो. लाखाला महिन्याला ५,०००, वर्षाला ६०,०००, आणि मुद्दल जागच्या जागी.

याउलट मुलगी पंधरा वर्षांची असल्यापासून महिन्याला ३,००० रुपये बाजूला टाकले, तर सात वर्षांत २,५२,००० रुपये होतात. कारखान्यातील मित्रांची भिशीही चांगली. २० जणांनी दरमहा ५,००० काढले तर दर महिन्याला एकाला बिनव्याजी एक लाख मिळतात. मात्र भिशी ओळखीच्या माणसांचीच असावी आणि वहीवर सर्वांच्या सह्या असाव्यात.

ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यांना स्वतःच्या, मुलांच्या किंवा भावंडांच्या लग्नासाठी त्यातून रक्कम काढता येते. वर्षानुवर्षे नियम असा होता की सात वर्षे सभासद असलेल्याला आपल्या हिश्श्याच्या निम्म्यापर्यंत काढता येई. ऑक्टोबर २०२५ मध्ये या अटी सैल करण्याचा निर्णय झाला आहे, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी. हे कर्ज नसते, स्वतःचाच पैसा असतो. पण तो म्हातारपणाचाही असतो, हे विसरू नये. ठेकेदाराकडील कामगारांनी आपला फंड खरोखर भरला जातो का, हे आजच तपासावे.

जहेज, महर आणि कागद

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा असून किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. महर त्या व्याख्येत येत नाही, कारण महर हा मुलीचा हक्क आहे आणि तो नवऱ्याने द्यायचा असतो. आपल्याकडे उलटे झाले आहे. जहेजचे फ्रीज, पलंग, मोटारसायकल रोख चुकते केले जाते आणि महर मात्र निकाहनाम्यात उधार लिहिला जातो. महर झेपेल एवढाच ठरवावा आणि त्याच मजलिसमध्ये द्यावा.

मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातील एका सुनेच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला. तिच्या लग्नात ५१ तोळे सोने आणि महागडी मोटार दिल्याचे समोर आले. एवढे देऊनही मुलगी सुखात राहिली नाही. त्यानंतर मराठा समाजातील मंडळींनी बैठका घेऊन साध्या लग्नाची आचारसंहिता ठरवली. हा रोग एका समाजाचा नाही आणि त्यावरचा इलाजही जुनाच आहे. याच पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात पहिला विवाह लावला होता.

मुलीला प्रेमाने जे द्यायचे ते दिल्यास त्याची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. १९८५ च्या नियमांप्रमाणे अशी यादी ठेवायची असते. पुढे दुर्दैवाने वाद झाला तर मुलीच्या हाती तोच कागद असतो. तसेच काझीसाहेबांचा निकाहनामा झाला तरी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करणे सक्तीचे आहे. ती ९० दिवसांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात करून घ्यावी. पासपोर्ट, बँक, वारसा यांत पुढे तिचीच गरज पडते.

शेवटी

माझ्या मुलीचा निकाह दोन वर्षांपूर्वी झाला. कापडवाल्याच्या मुलीचे लग्न म्हणून लोकांच्या नजरा होत्या. सोयरीक ठरताना मी व्याह्यांना म्हणालो, “मानपान आपल्या दोन घरांपुरताच ठेवू. ताके माझ्या घरचे आहेत, तरी ठेवू.” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “भाईसाब, आम्हालाही हेच म्हणायचे होते. बोलायला संकोच वाटत होता.” निकाह असरनंतर मशिदीत झाला, छुहारे वाटले गेले, रुखसती घरातून झाली. पाहुणे दीडशे. काही नातेवाईक नाराज झाले आणि दोन महिन्यांनी जेवायला आले. मुलीने वाचलेल्या पैशातून बी.एड. पूर्ण केले. आज ती एका शाळेत शिकवते.

व्याह्यांच्या त्या एका वाक्याचा मी पुष्कळदा विचार करतो. दोन्ही घरांना साधे लग्न हवे असते आणि दोन्ही घरे एकमेकांच्या भीतीने मोठे लग्न करतात. कोणीतरी आधी बोलायला हवे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी यंदा बस्ता आहे, त्यांनी यादी घेऊन बाजारात येण्यापूर्वी एक संध्याकाळ व्याह्यांबरोबर बसावे. आमद आणि खर्च असे दोन खाने आखावेत. मग यावे. चहा आमच्याकडून, कापड मापाचे आणि भाव वाजवी, इन्शाअल्लाह.